दुसऱ्यांदा न विचारलेला चहा

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, भारत आणि आयर्लंड या दोन देशांचे संबंध गेल्या हिवाळ्यात बहारीनमधल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर तुटण्याच्या बेतात आले होते. कारण, चहा. दोन्ही सरकारांना याची खबर नव्हती आणि अजूनही नाही. त्या मजल्यावर दोन्ही देशांची माणसं समोरासमोर राहत होती आणि मधला दुभाषा मी होतो, त्यामुळे अधिकृत वृत्तान्त देण्याची जबाबदारी माझ्याकडे येते. ती मी आनंदानं स्वीकारतो. कोणी दिली नसती तरी स्वीकारली असती.

भारताच्या बाजूनं होती माझी आई. गुहागरजवळच्या वाडीत ती एकटी राहायची. पावसाळ्यात विहिरीच्या पायरीवरून घसरली. हाड मोडलं नाही, पण आम्हा नवरा-बायकोचा धीर मोडला, आणि आईनं आता कायमचं आमच्याकडे राहायचं असं आम्ही ठरवलं. आईनं काही ठरवलं नव्हतं. ती म्हणाली, "शिमग्यापर्यंत बघत्ये. जीव रमला तर राहीन. नाही रमला तर तू मला विमानात बसवून द्यायचंस, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही." म्हणजे तो अख्खा हिवाळा आमची परीक्षा चालली होती आणि पेपर तपासणारी घरातच बसली होती.

फ्लॅट तिला आवडला. गरम पाण्याचा नळ आवडला. लिफ्टचीही दोन दिवसांत सवय झाली. पण पहिल्याच आठवड्यात तिनं मुख्य त्रुटी काढली: घरी माणूस येत नाही. गावात सकाळी विळी मागायला एक, दुपारी विळी परत करायला दुसरी, संध्याकाळी विळीला धार नाही हे सांगायला तिसरी. इथं दाराला दार लागून घरं, आणि दारं मात्र बंद. माझी बायको ईसा टाउनच्या शाळेत शिकवते, ती सकाळी जायची. मी शिपिंगच्या ऑफिसात जायचो. आई गॅलरीत बसून पार्किंगमधल्या गाड्यांकडे बघायची आणि संध्याकाळी आम्हाला सांगायची की आज पांढरी गाडी लवकर आली.

आयर्लंडच्या बाजूची हकिगतही काही वेगळी नव्हती. समोरच्या फ्लॅटमधली शेजारीण सलमानियाच्या बाजूला परिचारिकांना शिकवते. तिनंही हिवाळ्यापुरती आपल्या आईला बोलावून घेतलं होतं. ही म्हातारी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका खेड्यातली. गुडघे तेवढेच दुखणारे, केस तेवढेच पांढरे, चेहऱ्यावर सुरकुत्या मात्र आईपेक्षा जास्त. वाऱ्यामुळे, असं ती सांगायची. दोघींची गाठ गच्चीवर पडली. आई मिरच्या वाळत घालायला गेली होती आणि ही बाई चादरी वाळत घालत होती. घरात कपडे वाळवायचं यंत्र होतं. पण तिच्या गावात ऊन हा पाहुणा. सकाळी उठून दोन शेजारणी एकमेकींना पहिली गोष्ट सांगतात ती ही, की आज कपडे वाळतील असा दिवस आहे. बहारीनमध्ये असा दिवस रोज उगवतो हे पाहून तिचा जीव खालीवर व्हायला लागला. एवढं ऊन फुकट जातंय हे तिला बघवेना. ती धुतलेलं पुन्हा धुवायला लागली. लेकीचे पडदे धुतले, उशांचे अभ्रे धुतले, शेवटी पायपुसणी. आईनं हे सगळं गच्चीवरून पाहिलं आणि घरी येऊन निकाल दिला, "बाई कामाची आहे."

दुसऱ्या दिवशी बाई आमच्या घरी आली, आणि इथं माझं शास्त्र आडवं आलं.

ते शास्त्र आधी सांगितलं पाहिजे. आखातात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला आग्रहाचं एक कोष्टक पाठ असतं. बहारिनी यजमान विचारतच नाही. तो इवल्याशा कपात कॉफी ओततो आणि तुम्ही कप हलवून दाखवेपर्यंत ओतत राहतो. केरळचा सहकारी चहा पुढ्यात ठेवतो आणि मग विचारतो. आपल्याकडे तीनदा विचारायचं. पहिल्या दोन नकारांना अर्थ नसतो. आणि गोऱ्या माणसाला एकदाच. हे मी स्वस्तात शिकलेलो नाही. माझा पहिला साहेब इंग्रज होता. त्याला मी दिवाळीत बेसनाचा लाडू तीनदा घ्या म्हणालो, तेव्हा त्यानं चष्मा काढून, अतिशय नम्रपणे, माझ्या पहिल्या 'नो'मध्ये काही अस्पष्ट होतं का असं विचारलं. तेव्हापासून हा नियम. बाई दारात दिसताच मी आईला स्वयंपाकघरात गाठून बजावलं: एकदा विचार. नाही म्हणाली तर नाही. पुन्हा विचारलंस तर त्यांच्यात तो अपमान असतो.

आईनं एकदा विचारलं. बाई हसून नको म्हणाली. आई माझ्याकडे बघत खाली बसली. असा चहाविना तास गेला.

बाकी तो तास फार छान गेला. बाईची इंग्रजी समजायला मला जरा वेळ लागला. तिचं वाक्य वाऱ्यानं उडाल्यासारखं यायचं, पकडावं लागायचं. पण एकदा पकडलं की सोडवत नसे. तिच्या शेतांना दगडावर दगड रचलेली कुंपणं, मधे माती नाही, चुना नाही. आई म्हणाली, "गडगे." तिथं दलदलीतली काळी माती विटांसारखी कापतात, उन्हात उभी करून वाळवतात आणि वर्षभर चुलीत जाळतात. आई म्हणाली, "आपल्या शेणींसारखं." समुद्रावरचं शेवाळ आणून बटाट्याच्या वाफ्यात घालतात. आई नुसती मान हलवत राहिली. पुढच्या दाराला तिथं काही कामच नाही, ते पाद्री आणि पोलिसांसाठी. शेजारी मागच्या दारानं येतात, न ठोठावता, आणि थेट चुलीशी बसतात. आणि सकाळच्या चहाला त्यांच्या जिल्ह्याच्या रेडिओवर कोण कोण वारलं ते वाचून दाखवतात, कुठल्या गावचा, कुणाचा कोण, माती कधी. बाई इथंही मोबाइलवर ते ऐकायची. ऐकल्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखं वाटत नाही म्हणाली. आईला ही सोय इतकी पटली की आपल्याकडे एवढे रेडिओ असून हे कुणाला कसं सुचलं नाही, असं तिनं मला विचारलं, जणू ते खातं माझ्याकडे होतं.

अशी बाई रोज येऊ लागली. मी घरी असलो तर मी दुभाषा, नाही तर बायको, आणि कुणीच नसेल तर दोघी हातवाऱ्यांवर भागवायच्या. आई रोज एकदा विचारायची. बाई रोज नको म्हणायची. शास्त्र बिनचूक चाललं होतं.

मग आई तिच्याकडे गेली. परत आली ती ओठ घट्ट मिटून. त्या घरात नुकताच पाव भाजला होता. गव्हाच्या जाड पिठाचा, ताक घालून केलेला, यीस्ट नसलेला, तिच्या खेड्यातल्या घरी रोज होतो तसा. वास जिन्यापर्यंत आला होता. बशी आईच्या पुढं आली. चार घरच्या रीती पाहिलेली बाई म्हणेल तसं आई नको म्हणाली.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. बशी उचलून नेली," आई म्हणाली. "माझ्या डोळ्यांदेखत."

मी तिला समजावलं की हेच तर मी सांगत होतो. ते लोक शब्दाला धरून चालतात. आईनं त्या रात्री भात नेहमीपेक्षा जास्त घेतला.

एका शुक्रवारी मी दोघींना गाडीत घालून झल्लाकला समुद्रावर न्यायला निघालो. बायको पुढं, दोन्ही राष्ट्रं मागं. वाटेत एका बहारिनी माणसाचं शेत लागतं. खजुराची झाडं, थोडा गवताचा हिरवा तुकडा आणि छपराखाली गाई. मागून एकाच वेळी दोन भाषांत थांब असा हुकूम झाला. समुद्र राहिला. दोघी चपला-बूट न बघता आत शिरल्या. बाईनं पहिल्या गाईच्या कानाच्या मुळाशी हात लावून पाहिला. आईनं कास पाहिली. मग दोघींनी एकमेकींकडे बघून मान हलवली: नाही, ही नव्हे. दुसरीपाशीही तसंच. तिसरीपाशी दोघी थांबल्या, बाईनं तिच्या पाठीवर थाप मारली, आईनं तिच्या गळ्याखाली खाजवलं, आणि मालकाला मी सांगितलं की आजपासून आम्हाला या गाईचं दूध हवं. तो म्हणाला, इंशाल्ला, पण ही तिसरी गाय विकायची नाही. त्याला वाटलं गाईलाच गिऱ्हाइकं आली. इतकी खानदानी पाहणी त्यानं आयुष्यात पाहिली नसावी.

ते दूध घरी यायला लागलं, त्यावर साय धरायला लागली, आणि आई साय साठवायला लागली. दुकानातल्या दुधाला साय धरत नाही ही तिची दुसऱ्या क्रमांकाची त्रुटी होती. ती निकालात निघाली. आता ती राहणार, असं मी बायकोला ऑफिसातून फोन करून सांगितलं. मी अशा घोषणा लवकर करतो.

त्यानंतर लगेच ती गोष्ट घडली, म्हणजे बाईनं गोष्ट सांगितली. संध्याकाळची वेळ, बाई आमच्या सोफ्यावर, हात मांडीवर, समोर टेबलावर काही नाही. म्हणाली, आमच्या गावात एक घर होतं. शेतं मोठी, गाई पुष्कळ. पण त्या घरात आलेल्याला चहा एकदाच विचारायचे. नको म्हटलं की संपलं. माणूस थंडीत चालत आलेला असायचा, तसाच तोंड वाळवून परत जायचा. पुढं त्या घरातल्या तिन्ही मुलांना कुणी मुली दिल्या नाहीत. तिघंही म्हातारे झाले, एकाच चुलीशी बसून. एवढं सांगून बाई थांबली आणि आमच्या स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिली.

मला ती गोष्ट विलक्षण आवडली. मी आईला मराठीत सांगितली, वर थोडं मीठही घातलं. तिघा म्हाताऱ्यांना एकेक वाकडी काठी दिली. मी पोट धरून हसलो. बाई हसली नाही. आई हसली नाही. थोड्या वेळानं बाई उठून गेली.

दार लागल्यावर आई म्हणाली, "टोमणा मारून गेली."

मी म्हणालो, "गोरे टोमणे मारत नाहीत. जे असेल ते तोंडावर सांगतात."

"अरे, मी काय आज टोमणे ऐकत्ये का?" आई म्हणाली. "माझ्या घरात बसून माझ्याच चुलीकडे बघत होती."

बायको वह्या तपासत होती. ती मान वर न करता म्हणाली की मलाही तसंच वाटलं. मी दोघींना शांतपणे समजावलं की तुम्हा बायकांना सगळीकडे सासर दिसतं. या वाक्याचा अपेक्षित परिणाम झाला नाही. आई उठून आत गेली आणि बाहेर येऊन तिनं परीक्षेचा निकाल सांगितला. तिकीट काढ. इथं एकच बाई माझ्याकडे येत होती. ती माझ्या हातचं पाणी पीत नाही, आणि तिच्या घरी माझ्यापुढची बशी उचलतात. अशा ठिकाणी राहून मी काय गाड्या मोजू? शिमग्याची वाट कशाला बघायची.

"आई, थोडे दिवस तरी," मी म्हणालो.

"खलास," आई म्हणाली. हा शब्द विषय संपवायला वापरणं ती आमच्या वॉचमनकडून शिकली होती आणि तो तिच्या तोंडात फार घट्ट बसला होता.

मी तिकिटं बघायला लागलो. मुद्दाम हळू बघत होतो, महाग आहेत म्हणत होतो. पण आईनं बोचकी बांधायला घेतली होती, आणि ते ती हळू करत नव्हती. जायच्या आधी साठवलेल्या सायीचं लोणी काढून, तूप कढवून ठेवते म्हणाली, म्हणजे तुम्हाला महिनाभर पुरेल. आई असं तूप मागं ठेवते तेव्हा ती खरोखर जाते, हे मला लहानपणापासून माहीत होतं. मामाकडून निघताना ती असंच करायची.

शुक्रवारी सकाळी तिनं बरणी काढली, गावाहून कपड्यांत गुंडाळून आणलेली रवी काढली, ती जेवणाच्या टेबलाच्या पायाशी अडकवून तिला दोर गुंडाळला आणि पाटावर बसून घुसळायला लागली. वाऱ्यासाठी बाहेरचं दार उघडं टाकलं होतं. मी आणि बायको तिच्या आसपास उगाच वावरत होतो. आणि उघड्या दारातून समोरची बाई आत आली. मागं तिची लेक. आई जाणार हे तिच्या कानावर गेलं होतं. हातात फडक्यात गुंडाळलेला तो पाव होता, आईला वाटेत खायला म्हणून आणलेला.

बाईनं आत पाऊल टाकलं, रवीचा आवाज ऐकला आणि जागच्या जागी थबकली. मग तिनं पाव माझ्या हातात कोंबला, बायकोचं ठेंगणं स्टूल पायानं ओढलं, दोन्ही गुडघ्यांचा आवाज करत त्यावर बसली, तोंडातल्या तोंडात काहीतरी प्रार्थनेसारखं पुटपुटली आणि आईच्या हातातून दोराचं एक टोक सरळ काढून घेतलं.

आई बघतच राहिली. बाईच्या लेकीनं घाईघाईनं मला सांगितलं की त्यांच्या गावाकडे हा रिवाज आहे. लोणी काढताना जो कुणी घरात येईल त्यानं घुसळणीला हात लावलाच पाहिजे, मग तो पाद्री असो की भिकारी. हात न लावता गेला तर तो त्या घराची बरकत घेऊन गेला, असं मानतात. मी आईला सांगितलं. आईनं पाट जरा बाजूला सरकवला आणि दोराचं दुसरं टोक नीट धरलं.

एक ओढायची, दुसरी सोडायची. सुरुवातीला बाईचा हात घाई करत होता, मग आईच्या हाताला लागला. मधे एकदा दोघी एकदम थांबल्या, कारण आवाज बदलला होता. मला तो बदल ऐकू आला नाही. बाईनं पाण्याच्या तांब्याकडे बोट दाखवलं तेव्हा आई आधीच गार पाण्यासाठी वळली होती. लोणी वर आलं. आईनं ते दोन्ही हातांनी गोळा केलं, धुतलं, आणि गावच्या सवयीनं प्रत्येकाच्या तळव्यावर एकेक गोळा ठेवला. यात विचारणं नसतंच. लोणी तळव्यावर ठेवतात आणि माणूस ते खातो. बाईनं खाल्लं, डोळे मिटले, आणि बोटंही चाटली.

आई उठली. "चहा टाकत्ये," म्हणाली.

बाईनं हात हलवला. नको, नको.

मी शास्त्राची आठवण द्यायला तोंड उघडणार होतो, पण तोंडात लोणी होतं.

"असं कसं," आई म्हणाली. "घे गो, अर्धा कप."

बाई म्हणाली, उगाच त्रास कशाला.

"घे म्हणत्ये ना," आई म्हणाली, आणि हे ती आता मराठीत बोलते आहे की आणखी कशात, याचा तिला स्वतःलाही पत्ता नव्हता.

बाईनं स्टुलावर अंग सैल सोडलं, हात मांडीवर ठेवले आणि मोठा उसासा टाकून म्हणाली की तुम्ही करताच आहात तर मग घेईन एक घोट. तो एक घोट तीन कपांचा झाला. पाव कापला गेला. आईनंही आधी नको म्हटलं. यावेळी बाईनं बशी उचलली नाही, उलट जाड लोणी लावलेला तुकडा तिच्या हातात देऊन मूठ मिटवली. आईनं आणखी मागून घेतला. बाईची लेक लालबुंद झाली होती. तिनंच आपल्या आईला बजावून ठेवलं होतं, की भारतीयांचे उपास असतात, नेम असतात, खायचा आग्रह करू नकोस, ते दुखावतात. म्हणजे शास्त्र त्या घरातही होतं. दोन शास्त्रांनी मिळून दोन म्हाताऱ्यांना हिवाळाभर उपाशी बसवलं होतं, आणि मला अजूनही वाटतं की माझं शास्त्र चूक नाही. त्यात आयर्लंड बसत नाही इतकंच.

आईनं कपबशी खाली ठेवली आणि बायकोला सांगितलं की उद्यापासूनची साय वेगळ्या बरणीत ठेव, ही घासावी लागेल. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. बरणीभर साय जमायला किती दिवस लागतात ते मलाही माहीत होतं. मी मोबाइलवरची तिकिटांची खिडकी गुपचूप बंद केली.

तेवढ्यात बाईनं मला विचारलं की या घरात पाऊल टाकल्यापासून मी चहासाठी तळमळत होते, तुझ्या आईनं एवढे दिवस पुन्हा का नाही विचारलं. मी पाठ सरळ केली, घसा साफ केला आणि जगातल्या निरनिराळ्या समाजांमध्ये आग्रहाचं स्थान या विषयावर इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. साहेबाच्या लाडवापर्यंत पोचलो होतो. बाई कपाळाला आठ्या घालून ऐकत होती. हा एवढं काय बोलतोय, असं आईनं बायकोला विचारलं. बायकोनं ते एका वाक्यात सांगितलं.

आईच्या तोंडात पाव होता. तो गिळायच्याही आधी तिनं बाईच्या गुडघ्यावर हात मारला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "अगो, ह्याचं काय ऐकत्येस, हा इतकी वर्षं परदेशात राहिलाय."